मुक्या जीवाचे रक्त : ते साकळते कसे आणि तपासावे कसे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. मी व्यवसायाने पशुवैद्यक आहे. धर्मतत्त्वांवर आपल्यासमोर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जीवदयेचे कार्य जेथे चालते तेथे पशुवैद्यकाला आपलेपणा वाटतो, आणि त्या आपलेपणानेच आज उभा आहे. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून मोठा क्षोभ झाला आणि त्यानंतर १८३४ मध्ये शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली, हा इतिहास आपण जाणता. आश्रय देण्याची परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे. आश्रयाला आलेल्या जीवाचे दुखणे नेमके ओळखून उपचार करणे ही त्या परंपरेची पुढची पायरी आहे. आज त्यातील एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधतो. तो विषय म्हणजे रक्त साकळणे.

विषय थोडा शास्त्रीय आहे, पण त्यावर प्राण अवलंबून असतात. माणसाला जखम झाली तर तो सांगतो, कण्हतो, हाक मारतो. जनावराच्या छातीत किंवा पोटात आतल्या आत रक्त वाहत असले तर ते फक्त कोपऱ्यात जाऊन बसते, खाणे सोडते आणि थकल्यासारखे दिसते. ते आपल्या दुखण्याचे कारण सांगू शकत नाही. ते कारण त्याच्या रक्तालाच विचारावे लागते.

रक्त थांबते कसे

शरीरात रक्त अखंड प्रवाही राहिले पाहिजे आणि जखम होताच तेथल्या तेथे थांबलेही पाहिजे. या दोन परस्परविरोधी गरजा निसर्गाने एकाच द्रवात साधल्या आहेत. रक्तवाहिनी फाटली की प्रथम ती स्वतः आकुंचन पावते. मग रक्तपट्टिका, ज्यांना आपण सर्वजण प्लेटलेट्स म्हणून ओळखतो, त्या फाटलेल्या कडेला चिकटतात आणि एकमेकींनाही चिकटून तात्पुरते बूच तयार करतात. त्यांना कडेला धरून ठेवण्यासाठी एक खास प्रथिन डिंकासारखे काम करते. फॉन विलेब्रँड या फिनलंडच्या वैद्यांचे नाव त्याला दिलेले आहे.

हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्यासाठी रक्तद्रवातील प्रथिनांची एक साखळी कामाला लागते. या प्रथिनांना घटक म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. जखमी पेशींचा रक्ताशी संपर्क आला की सातवा घटक जागा होतो, तो पुढच्यास चेतवतो, तो त्याच्या पुढच्यास, आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. थ्रॉम्बिन हे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणाऱ्या धाग्यांत रूपांतर करते. या धाग्यांच्या जाळ्यात बूच घट्ट बांधले जाते. या साखळीला कॅल्शियम लागते. तिचे बहुतेक घटक यकृतात तयार होतात आणि त्यांपैकी दुसरा, सातवा, नववा व दहावा हे चार घटक कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व आवश्यक असते. जखम भरून आली की हेच जाळे विरघळवणारी यंत्रणाही शरीरात असते.

आता आपल्या ध्यानात येईल की रक्त न थांबण्याची कारणे अनेक असू शकतात. रक्तपट्टिका कमी असतील, चिकटवणारे प्रथिन कमी असेल, यकृत बिघडले असेल, के जीवनसत्त्वाचे काम कोणी रोखले असेल, किंवा विषाने सगळे घटक वापरून संपवले असतील. बाहेरून दिसणारे लक्षण एकच, पण प्रत्येकाचा उपचार वेगळा. म्हणूनच तपासणी हवी.

कोंबडीची पिले आणि अमेरिकेतील गाई

हे ज्ञान माणसाला बऱ्याच अंशी मुक्या प्राण्यांच्या दुखण्यातून मिळाले आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे हेन्रिक डॅम यांनी १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशरहित आहार दिला असता पिलांना रक्तस्राव होऊ लागल्याचे पाहिले. आहारात नसलेला जो घटक त्यास कारण होता, त्याला १९३५ मध्ये के जीवनसत्त्व हे नाव मिळाले. साकळण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचे पहिले अक्षर ते हे. या कार्यासाठी डॅम यांना अमेरिकेच्या एडवर्ड डॉयझी यांच्यासह १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी कथा गाईंची. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरे अचानक रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे काढणे किंवा खच्चीकरण यांसारख्या साध्या शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबेना. कॅनडातील पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवून दिले की हा संसर्ग नव्हे. ओलसर राहून बुरशी आलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा हे कारण होते. चांगला चारा दिला की गुरे वाचत. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून दूरचा प्रवास करून मॅडिसन येथील विद्यापीठात पोहोचला. त्याच्याबरोबर मेलेली कालवड, तोच चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त होते. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे केले. ते डायक्युमरॉल. के जीवनसत्त्वाचे काम ते रोखते.

याच द्रव्याचा धागा पकडून वॉरफरिन निर्माण झाले आणि १९४८ पासून ते उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले. पुढे १९५४ पासून ते माणसांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणूनही वापरात आले. आज ज्या वडीलधाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा बदलल्या आहेत त्यांतील अनेकजण हेच औषध घेतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासून घेतात. ज्या द्रव्याच्या वर्गाने कालवड मेली त्याच वर्गाच्या औषधाने माणूस जगतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

उंदराचे औषध आणि उशिरा दिसणारे दुखणे

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी उंदीर मारण्याचे औषध येत नाही, हे मी जाणतो. परंतु शेजारचे गोदाम, बाजारपेठ, धान्याचे दुकान येथे ते ठेवले जाते. त्यांपैकी ब्रोमाडायोलोनसारखी औषधे वॉरफरिनचीच पुढची आणि अधिक तीव्र पिढी आहेत. ती गोड वड्यांच्या रूपात असतात. कुत्रा त्या वड्या खातो, आणि अशा उंदरांना खाणारी मांजरे व घुबडेही त्या विषाची बळी ठरू शकतात.

या विषाचे वैशिष्ट्य असे की खाल्ल्याच्या दिवशी काहीच होत नाही. रक्तात आधीपासून असलेले चांगले घटक संपेपर्यंत शरीर तग धरते. सातव्या घटकाचे आयुष्य सर्वांत कमी, निम्मा भाग अवघ्या सहा-एक तासांत संपतो, म्हणून तो आधी घटतो. इतर घटक त्यामागून घटतात. साधारण तीन ते पाच दिवसांनी कुत्रा मलूल होतो, खोकतो, धापा टाकतो किंवा लंगडतो. बाहेर रक्ताचा थेंबही नसतो. ते छातीत, फुप्फुसांत किंवा सांध्यात साठलेले असते. अशा वेळी लंगडण्यावर म्हणून वेदनाशामक दिले किंवा मांसात खोल इंजेक्शन दिले तर हानी वाढते.

पहिल्या काही तासांत पशुवैद्यकाकडे नेल्यास उलटी करवून विष बाहेर काढता येते. घरी मीठ पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न मात्र कृपया करू नये. रक्तस्राव सुरू झाल्यावर के-१ जीवनसत्त्व हा खरा उतारा आहे. बाजारात के-३ या नावाने मिळणारे स्वस्त इंजेक्शन या विषावर उपयोगी पडत नाही, हे कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावे. नव्या पिढीच्या विषासाठी के-१ सुमारे चार आठवडे द्यावे लागते, आणि शेवटच्या मात्रेनंतर ४८ ते ७२ तासांनी पुन्हा रक्त तपासूनच उपचार संपला असे म्हणता येते. कुत्रा बरा दिसू लागला म्हणून आठव्या दिवशी गोळी बंद केली तर तोच कुत्रा पुन्हा रक्तस्रावात जाऊ शकतो. आणखी एक सूचना. उंदरांची सगळी औषधे या प्रकारची नसतात. झिंक फॉस्फाईडचा मार्ग निराळा आहे आणि त्यावर के-१ चा उपयोग नाही. म्हणून औषधाचे वेष्टन सापडले तर ते जनावराबरोबर अवश्य आणावे.

काचेची नळी आणि वीस मिनिटे

आता तपासण्यांकडे वळू. सर्वांत साधी तपासणी अशी, की तिला यंत्र लागत नाही. घोणस चावलेल्या जीवाच्या रक्तात विष थेट साखळीतील पाचव्या व दहाव्या घटकांना चेतवते. त्यामुळे घटक भराभर वापरले जातात, फायब्रिनोजेन संपते आणि रक्त पाण्यासारखे पातळ राहते. कोकणात आढळणाऱ्या फुरशाचे विषही रक्तावरच आघात करते. अशा वेळी दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यावे, ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवावी आणि मग एकदा तिरकी करावी. रक्त घट्ट असेल तर साखळी चालू आहे. वाहिले तर ती तुटली आहे. नळी प्लास्टिकची नको आणि साबणाच्या पाण्याने धुतलेलीही नको, कारण साखळी चेतवण्याचे काम येथे काचेचा पृष्ठभाग करतो. माणसांच्या सर्पदंशात ही कसोटी भारतभर वापरली जाते. जनावरांतही ती उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सर्पदंशात के जीवनसत्त्व देऊन काही साधत नाही. तेथे प्रतिविषच हवे. हे प्रतिविष घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून, त्यांच्या रक्तातून मिळवले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी निगडित आहे. एका जीवाच्या रक्तातून दुसऱ्याचा प्राण वाचतो, त्या घोड्याच्या ऋणाची जाणीव आपण ठेवावी.

दुसरी तपासणी रक्तपट्टिकांची. आपल्याकडील कुत्र्यांत गोचिडींमुळे एर्लिकिया नावाच्या जंतूचा रोग होतो. त्यात रक्तपट्टिका घटतात, नाकातून रक्त येते, हिरड्यांवर आणि पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उमटतात. निरोगी कुत्र्यात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दोन ते पाच लाख रक्तपट्टिका असतात. त्या तीस-चाळीस हजारांच्या खाली गेल्या की आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका संभवतो. यासाठी महागडे यंत्र नसले तरी चालते. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, रंगवून, तेलाच्या भिंगाखाली पाहावे. एका दृश्यात दिसणारी प्रत्येक रक्तपट्टिका सुमारे पंधरा हजारांची प्रतिनिधी समजतात. मांजरांच्या रक्तपट्टिका नळीत एकमेकींना चिकटून गोळे करतात, त्यामुळे यंत्र त्यांचा आकडा खोटाच कमी दाखवते. तेथे तर भिंगातून पाहणे अनिवार्यच. या रोगात साखळीच्या तपासण्या सामान्यतः ठीक येतात, आणि उपचार के जीवनसत्त्वाचा नसून योग्य प्रतिजैविकाचा असतो.

रक्तपट्टिका पुरेशा असूनही रक्त थांबत नसेल तर डॉबरमनसारख्या जातीत फॉन विलेब्रँड प्रथिनाची आनुवंशिक उणीव असू शकते. वरचा ओठ उलटवून आतल्या बाजूस ठरावीक मापाचा सूक्ष्म छेद घेतात आणि रक्त थांबण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण चार मिनिटांच्या आत थांबतो.

तिसरी पायरी प्रयोगशाळेची. पीटी आणि एपीटीटी या दोन तपासण्यांची नावे आपण माणसांच्या अहवालात वाचली असतील. रक्त सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे रक्त वाटेत साकळत नाही. प्रयोगशाळेत पुन्हा कॅल्शियम आणि चेतक द्रव्य घालून किती सेकंदांत साकळते ते मोजतात. पीटी ही सातव्या घटकाच्या वाटेची, तर एपीटीटी ही दुसऱ्या वाटेची कसोटी. उंदराच्या विषात सातवा घटक आधी घटत असल्याने पीटी आधी लांबते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण कसोशीने पाळावे लागते. नळी अर्धीच भरली तर निष्कर्ष चुकतो. आणि रक्तस्रावाची शंका असलेल्या जनावराच्या मानेच्या मोठ्या शिरेत सुई घालू नये. पायाच्या शिरेतून रक्त घ्यावे आणि नंतर पुरेसा वेळ दाबून धरावे.

या तपासणीचा एक धोका मला मुद्दाम सांगायचा आहे. आपण अनेकदा जनावराचे रक्त जवळच्या, माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तेथील अहवालावर छापलेली सामान्य मर्यादा माणसाची असते. निरोगी कुत्र्याची पीटी माणसापेक्षा कमी, बहुधा सहा ते दहा सेकंदांच्या दरम्यान असते. त्यामुळे कुत्र्याची पीटी तेरा सेकंद आली तर कागदावर ती माणसाच्या मापाने 'सामान्य' दिसेल, आणि प्रत्यक्षात तो कुत्रा संकटात असेल. उपाय सोपा आहे. त्याच वेळी त्याच जातीच्या एखाद्या निरोगी प्राण्याचा नमुनाही बरोबर पाठवावा आणि दोन्हींची तुलना करावी.

आकड्यांवर आंधळा विश्वासही नको. काही मांजरांत बारावा घटक जन्मतःच कमी असतो. त्यांची एपीटीटी खूप लांबते, पण मांजराला रक्तस्राव होत नाही. पक्ष्यांत तर हा घटक मुळातच नसतो आणि त्यांचे रक्त व्यवस्थित थांबते. नळीत जे घडते ते शरीरात जसेच्या तसे घडत नाही. म्हणून अहवाल आणि समोरचा जीव दोन्ही पाहूनच निर्णय करावा लागतो.

एका प्रश्नाचे उत्तर

जीवदयेच्या कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न अनेकदा येतो. आधीच दुःखात असलेल्या जीवाला पुन्हा सुई का टोचायची? त्याच्या वेदनेत आपण भर का घालायची? हा प्रश्न करुणेतून येतो, म्हणून त्याचा अनादर करता येत नाही. पण विचार करावा. दोन मिलिलिटर रक्त घेताना होणारी वेदना क्षणाची असते. कारण न कळता केलेल्या उपचाराची वेदना दिवसांची असते, आणि कधी तिचा शेवट मृत्यूत होतो. निर्बीजीकरणासाठी आणलेल्या कुत्रीच्या हिरड्यांवर लाल ठिपके असताना तिला तसेच टेबलावर घेतले तर जी शस्त्रक्रिया तिच्या हितासाठी आहे तीच तिचा प्राण घेऊ शकते. काचपट्टीवर थेंबभर रक्त पाहिले असते तर शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलता आली असती. विवेकावाचून दया अपुरी पडते, हे मी आपल्याला सांगावे असे नाही; आपण ते माझ्यापेक्षा अधिक जाणता.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नम्र सूचना करतो. आपल्या परिसरातील प्रत्येक आश्रयस्थानात एक चांगले सूक्ष्मदर्शक, नव्या काचेच्या नळ्या, निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळ्या आणि के-१ जीवनसत्त्वाचा थोडा साठा असावा. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक जनावराच्या हिरड्या पाहाव्यात आणि शंका येताच काचपट्टी करावी. गोचिडींचा बंदोबस्त वर्षभर चालू ठेवावा. दान म्हणून आलेला चारा कोरडा आहे ना, त्यावर बुरशी नाही ना, हे उतरवून घेतानाच पाहावे. त्या परदेशी गाईंच्या मृत्यूने हाच धडा शिकवला आहे, आणि बुरशीची इतर विषे यकृत बिघडवून रक्ताचे घटक कमी करतात ते निराळेच. आसपासच्या दुकानदारांना भेटून उंदरांचे औषध मोकळ्यावर ठेवू नये अशी विनंती करावी. एखाद्या देणगीदाराने आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ सूक्ष्मदर्शक दिले, तर ते स्मारक रोज कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

या साधनांसाठी फार मोठा निधी लागत नाही. वीस मिनिटे शांतपणे नळीजवळ बसण्याची तयारी असलेला एक प्रशिक्षित कार्यकर्ता मात्र लागतो. तसे तरुण या सभागृहात आहेत असा मला विश्वास वाटतो. त्यांपैकी चार-पाच जण पुढे आले तर एका रविवारी त्यांना काचपट्टी करण्यास आणि भिंगातून पाहण्यास शिकवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

 संस्थेच्या हातून पुढील पन्नास वर्षेही असेच जीवरक्षणाचे कार्य घडत राहो, अशी शुभेच्छा व्यक्त करून थांबतो. जय जिनेंद्र.